निरोपाची शाल

सोसायटीच्या हॉलमध्ये सेक्रेटरी नेन्यांनी अच्युतरावांच्या खांद्यावर शाल पांघरली, हातात नारळ दिला. शालीच्या टोकावरचा हिरव्या चटणीचा डाग अच्युतरावांनी लगेच ओळखला. वर्षापूर्वीच्या निरोप समारंभात बटाटेवडा खाताना तो त्यांच्याच हातून पडला होता.

तेव्हा त्यांनी जोरदार भाषण ठोकलं होतं. स्पेनमध्ये समुद्राकाठी घर घेतलंय, आता इथे परत पाऊल टाकणार नाही, म्हणून. बायकांनी डोळे पुसले. तीन महिन्यांत व्हिसा संपला आणि घराचे मालक बॅगा घेऊन सोसायटीच्या गेटवर हजर. घर स्वतःचं असलं तरी राहायची परवानगी पर्यटकाचीच होती.

मधे आणखी एकदा असंच जाऊन आले; आज तिसरा निरोप होता. त्यांनी बायकोकडे रागाने पाहिलं.

“मीच नेन्यांना परत दिली,” सुलभाताई शांतपणे म्हणाल्या. “तीन महिन्यांनी येणारच आहोत. दर वेळी नवी शाल कशाला?”

“अच्युतराव, दोन शब्द बोला,” नेने म्हणाले.

अच्युतराव उठले. घसा खाकरला. “मागचंच भाषण धरून चाला,” म्हणाले आणि शाल जुन्याच घडीवर दुमडून त्यांनी नेन्यांच्या हातात ठेवली. नारळ मात्र ठेवून घेतला.