कुसुमचा जंतू

स्कॅन संपल्यावर डॉक्टर तांबट यांनी पडदा सुलोचनाबाईंकडे वळवला. छातीच्या करड्या चित्रात, उजव्या फुप्फुसाच्या मुळाशी एक गाठ पिवळीधमक चमकत होती.

“तुमचा ताप इथून येतोय. क्षय आहे. जंतू लहानपणीच शिरला आणि इतकी वर्षं झोपून राहिला.”

“कुठून आला असेल?”

“हे यंत्र आता तेही सांगतं. याच जंतूचा नमुना एका जुन्या सॅनेटोरियमच्या संग्रहात आहे. पेशंटचं नाव कुसुम पेठे. कोण या?”

सुलोचनाबाईंच्या घरात ते नाव काढायला बंदी होती. आईवडील गेले, भाऊ गेले, तरी ती सवय राहिली होती.

“माझी थोरली बहीण,” त्या म्हणाल्या. “आम्ही एकाच गोधडीत झोपायचो. तिला घेऊन गेले ते कायमचंच.” मग त्यांनी विचारलं, “औषधानं हा पूर्ण जाईल?”

“पूर्ण. मागमूसही उरणार नाही.”

“आणि नाही घेतलं तर?”

“तर तुम्ही राहणार नाही,” डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या.

घरी आल्यावर बाईंनी कुलूप काढलं, दिवा लावला. गोळी तळहातावर घेऊन त्या पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. कुसुमला ओळखणारं आता दुसरं कोणीच नव्हतं.

“ताई, मी औषध घेतेय गं,” त्या रिकाम्या खोलीत म्हणाल्या, आणि त्यांनी गोळी गिळली.