अलगद उतरणारी विमानं

"आजपासून विमानं घसरगुंडीवरून आल्यासारखी अलगद उतरणार! इंधन कमी, धूर कमी, आवाज तर नाहीच!" नवऱ्यानं कॉलर ताठ केली, ही पद्धत त्याच्याच हवाई वाहतूक नियंत्रणाच्या ऑफिसानं बसवली होती. ऋजुतानं सुटकेचा निःश्वास सोडला. तान्ह्या लेकीच्या कानांच्या काळजीपोटी तिनं शेजारच्या हेल्गाबाईंसोबत विमानतळावर मोर्चे नेले होते.

दुपारी जर्मनीचं आभाळ गप्प झालं आणि लेकीनं भोकाड पसरलं. जन्मल्यापासून विमानांच्या घरघरीत झोपणारं पोर ते! अंगाई झाली, दृष्ट काढून झाली.

"अरे, एखादं तरी विमान जोरात उतरव!" ती घरूनच काम करणाऱ्या नवऱ्यावर करवादली. अखेर तिनं पुण्याहून आणलेला मिक्सर रिकामाच फिरवत ठेवला. लेक डाराडूर झोपली.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर झोपमोड झालेल्या हेल्गाबाई उभ्या होत्या. हातात दोघींनीच रंगवलेला मोर्चाचा फलक होता: 'आमची झोप परत द्या!'