चंद्राचे धवले

रघूकाका भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामात हमाली करायचे. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते ऑफिसात आले आणि तिथला कारकून धनेश याच्या टेबलावर त्यांनी एक पेनड्राइव्ह ठेवला.

"साहेब, पुतन्याच्या हळदीची शूटिंग हाय. आमची घरवाली चंद्रा लग्नातले धवले गातेय त्यात. ती जाऊन म्हयना झाला. तिचा आवाज आता एवढाच उरलाय. एकदा लावा ना."

धनेशने हात पुढे केला, पण तो थबकला. तिन्ही शिफ्टची माणसं हाच कॉम्प्युटर वापरत. मागे एकाने पेनड्राइव्ह लावला, त्यातून व्हायरस शिरला आणि चार दिवस गोदामाचं काम ठप्प झालं. त्या माणसाची नोकरीही गेली.

"काका, यात व्हायरस असला तर सगळंच बंद पडेल. भिवंडीत सायबर कॅफे आहे, तिथे ऐका."

दुसऱ्या दिवशी रघूकाका कामावर आले. धनेशने विचारलं, "ऐकलंत का, काका?"

"न्हाय. तिथल्या कॉम्प्युटरला दिसभर कुनी बी येऊन पेनड्राइव्ह लावतो. कुनाचा तरी व्हायरस आमच्यात शिरला. कॅफेवाला म्हनला, सगळं पुसलं गेलं."

धनेशने हात पुढे केला.

"आणा इकडे," तो कसाबसा म्हणाला, "मी इथे लावून बघतो, काही परत मिळतंय का."

रघूकाकांनी मूठ मिटून घेतली.

"नको, साहेब. आता यात खरंच व्हायरस हाय."