मंडईच्या आधी

डॉक्टरांनी शकुबाईला खोकायला सांगितलं. ती खोकली, तसा पोटावर चिकटवलेल्या थैलीच्या बाजूने फुगा वर आला, चांगला नारळाएवढा. हेमराजने मान फिरवली आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. मायच्या पोटाकडे त्याने आजवर एकदाही धड पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या आतड्याच्या शेवटाला कॅन्सर निघाला होता. तो कापून काढला. जीव वाचला, पण संडासची वाट पोटावर आली. त्या वाटेवर थैली चिकटवायची, भरली की रिकामी करायची. शकुबाई ते सगळं कुरकुर न करता शिकली. पुढे थैलीभोवतीचं पोट ढिलं पडलं आणि आतडं तिथून बाहेर ढकलू लागलं. फुगलेल्या जागेवर थैली नीट बसेना. वाकलं की सुटायची, गळायची. दुखायचं तर इतकं की चुलीपुढे बसतानाही तिचा एक हात पोटावरच असायचा. जुन्या लुगड्याची पट्टी कमरेला आवळून ती दिवस काढत होती.

घरात वास यायचा. आता हेमराज काही वाईट माणूस नव्हता. धानोऱ्याकडच्या त्या गावात त्याला कोणी वाईट म्हणतही नव्हतं. त्याने मायला टाकलं नाही. तिची खाट तेवढी बाहेर सपरीत, पडवीत गेली. मग ताट वेगळं झालं. मग चुलीजवळ येणंही बंद झालं. दिवाळीनंतर गावाची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, घरोघरी सोयरे उतरतात, नाटक होतं आणि पोरापोरींच्या सोयरिकीही त्यातच जुळतात. मागच्या मंडईला पाहुणे आले, तेव्हा हेमराजच्या बायकोने, रीताने, सासूला मागच्या वाडीतल्या खोपीत नेऊन बसवलं. हाकललं कोणीच नाही. ‘तिकडं हवा चांगली हाय, माय,’ एवढंच ती म्हणाली. पाहुणे जाईपर्यंत शकुबाई ती चांगली हवा खात बसली.

यंदा भात निसवून लोंब्या आल्या तेव्हा गावची आशा सेविका बायनाबाई तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात दाखवून आली. हेमराजला सवड नव्हती. त्या संध्याकाळी शकुबाई सपरीतूनच म्हणाली, “डॉक्टर म्हंते, या फुग्याचं आपरेशन करता येते.”

“मंग तं थैलीबी निघन!” रीता आतून धावतच आली. “फुगाच गेला, तं थैली कायले लागते?”

हेमराजलाही ते पटलं. जखम भरली की पट्टी निघतेच. शकुबाई वालाच्या शेंगा सोलत होती. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

त्या दिवसापासून घराला मायेचं भरतं आलं. खाट आत आली. ताट चुलीजवळ आलं, वर भातावर तूपही. नात दिव्यानी आजीचे केस विंचरायला बसू लागली. यंदा तिलाच पाहायला पाहुणे यायचे होते. “मंडईच्या आंधी मायले मोकळी करतो,” हेमराज पारावर सांगत सुटला आणि लोक ‘लेक असावा तं असा’ म्हणू लागले. ऐकताना त्याची छाती भरून यायची. आपण मायसाठी केवढं करतो आहोत, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

आता तपासून झाल्यावर डॉक्टरांनी हात धुतले आणि खुर्ची ओढली. “फुगलेलं आत बसवून जाळी लावू. दुखणं कमी होईल. थैली घट्ट बसेल, गळणार नाही, वास येणार नाही. मात्र या वयात धोका आहे. आणि फुगा पुन्हाही येऊ शकतो. नीट विचार करून ठरवा.”

“अन् थैली कवा निघन?” हेमराजने विचारलं.

“थैली? ती आता जन्माची. खालची वाट बंद केली आहे ना त्यांची.”

गळणार नाही, वास येणार नाही, हे डॉक्टरांनी पुन्हा एकदा सांगितलं. ते हेमराजच्या कानापर्यंत पोचलंच नाही. त्याला फक्त घरात उतरलेले पाहुणे दिसत होते.

“मंग हे करायचं कायले?” तो उसळून म्हणाला. “ह्या वयात माह्या मायचा जीव धोक्यात कायले घालू मी?” मायच्या जिवाची काळजी त्याला त्या घडीला एकदम दाटून आली.

“दुखतं त्यांना,” डॉक्टर शांतपणे म्हणाले. “मागच्या खेपेला मी त्यांना सगळं सांगितलंय. थैली राहणार, धोका आहे, सगळं. तरी करा म्हणाल्या. मी म्हटलं, घरचं माणूस सोबत आणा, त्याशिवाय भरती करता येत नाही.” आणि ते शेजारच्या खोलीतल्या पेशंटकडे निघून गेले.

हेमराज मायवर उखडला. “तुले ठावं होतं? रीतानं सोयऱ्याईले निरोप धाडले, मी गावभर सांगून बसलो! येवढे दिवस एका शब्दानं काऊन नाई सांगतलं?”

शकुबाईने लुगड्याची पट्टी पोटावर आवळली. कळ आली तशी क्षणभर डोळे मिटले. तिचा आवाज जराही चढला नाही.

“सांगतलं असतं, तं आणलं असतं काय तुनं मले इथी?”