झाडलेली वाळू

"खबर काय, पोरी?"

"खबर काही नाही, बाबा."

"सगळं बरं?"

"सगळं बरं. खबर काही नाही."

घराला आग लागलेली असली तरी आमच्या वाळवंटी मुलखात पहिलं उत्तर हेच द्यायचं असतं. जुवैनाने ते दिलं, आणि देता देताच तिला रडू फुटलं.

खबर समोरच्या कुंपणात उभी होती. पांढरीशुभ्र, लांब सरळ शिंगांची ओरिक्स हरणी, त्यात गाभण. प्राणिसंग्रहालयाच्या या कोपऱ्यात जुवैनाने दोन वर्षं खपून तिच्यासाठी जिद्दतचं, म्हणजे ओरिक्सच्या मूळ वाळवंटी मुलखाचं, माळरान उभं केलं होतं. खरे दगड, खरं खुरटं गवत, मधोमध डेरेदार बाभूळ. पण हरणी सावलीकडे पाठ करून, फाटकाला नाक लावून उन्हात उभी होती. तिला इथं आणून आज नववा दिवस. संध्याकाळपर्यंत ती बाभळीखाली बसली नाही तर तिला जुन्या सिमेंटच्या पिंजऱ्यात परत नेणार, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अशीच तापत राहिली तर पोटातलं जाईल, असंही म्हणाले होते.

म्हणून जुवैनाने म्हाताऱ्या मबखूतला बोलावणं धाडलं होतं; नात्याचा नसला तरी ती त्याला बाबाच म्हणायची. तो हरासीस जमातीचा, जन्म जिद्दतच्या माळावरचाच. तीस वर्षं त्याने ओरिक्सच्या कळपांची राखण केली होती. आता डोळे अधू झाले होते, गुडघे कुरकुरत होते, तरी पाचशे किलोमीटर प्रवास करून आला होता.

"नऊ दिवस! आणि मला आज बोलावतेस?" तो म्हणाला. "मासळीला वास सुटल्याशिवाय तुम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना जागच येत नाही."

काठी टेकत तो कुंपणात शिरला. हरणीकडे त्याने पाहिलंही नाही. वाकून जमीन न्याहाळत बसला.

"हिचे ठसे कुठे आहेत?"

"ठसे?"

"नऊ दिवस जनावर इथं आहे आणि फाटक सोडलं तर वाळूवर एक खूर नाही. उडते काय ही?"

एवढ्या दुःखातही जुवैना जराशी फुलली. "मी रोज पहाटे झाडते ना. आधी दाताळं, मग खजुराची झावळी. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

ती बातिनाच्या किनाऱ्यावरची. तिथं पोरगी चालायला लागली की तिच्या हातात झावळी देतात. अंगणातली वाळू बघून लोक घरच्या बाईला जोखतात.

"आणि त्या बाभळीखाली?"

"तिथं ती पहिले चार दिवस खड्डे उकरायची. मला वाटलं, घाबरून खूर आपटतेय. मी ते भरून, पाणी मारून, छान चोपून घ्यायचे."

मबखूत तिच्याकडे बघतच राहिला. मग ठसका लागेपर्यंत हसला.

"अगं वेडे, ते अंथरूण होतं तिचं! वरची तापलेली वाळू उकरून ती खालच्या थंडाव्यात बसते. चार दिवस तिनं अंथरूण घातलं आणि चार दिवस तू ते गुंडाळून ठेवलंस. कुठल्याही सुनेनं माहेरची वाट धरली असती! म्हणून फाटकाशी उभी आहे बिचारी. आणि तिची खबर रोज पहाटे झाडून काढून वर मला सांगतेस, खबर काही नाही."

जुवैनाचे कान लालबुंद झाले. ती फावडं आणायला धावली, तर त्याने अडवलं. दोघं बाभळीखाली गुडघ्यांवर बसले आणि चोपलेली माती हातांनी मोकळी करू लागले. तिची दोन नखं तुटली. मग दोघं बाहेर येऊन भिंतीच्या सावलीत बसले. मबखूतने डोळे मिटून घेतले.

"हलली का?"

"नाही."

बराच वेळ गेला. ऊन डोक्यावर आलं.

"बाबा, वळली!"

हरणी सावकाश बाभळीखाली आली. तिने मोकळी माती हुंगली. पुढचा खूर एकदा मारला, पुन्हा मारला, वाळू मागे उडाली. मग पाय दुमडून जड पोटासकट ती खाली बसली आणि डोळे अर्धे मिटून रवंथ करू लागली.

जुवैना ओठ दाबून रडत होती. "तुमचे उपकार जन्मात विसरणार नाही, बाबा."

"उलटं बोलतेस," मबखूत म्हणाला. "मला मिसरूड फुटत होती तेव्हा शिकाऱ्यांनी जिद्दतचा शेवटचा कळप मारला. दहा वर्षं आम्ही नुसती वाळू बघितली. मग एक दिवस लाकडी खोकी आली. दूरदेशीच्या पिंजऱ्यांत तुझ्यासारख्याच कुणीकुणी हे जनावर जपलं होतं. वाळवंट कधी न बघितलेली ती लेकरं खोक्यांतून उतरली आणि थेट बाभळीखाली जाऊन उकरायला लागली. माझी आई तर मोठ्यानं रडली."

त्याने पिशवीतून थर्मास काढला, लहानसा पेला काढला.

"दारावरून जाणाऱ्या परक्यालाही आम्ही कॉफी पाजल्याशिवाय सोडत नाही. आणि ज्यांनी ही आम्हाला परत दिली, त्यांना घोटभरसुद्धा नाही. त्यांची तोंडंही आम्ही पाहिली नाहीत. चाळीस वर्षं मला ते खातंय."

त्याने पेल्यात कॉफी ओतली आणि उजव्या हाताने तिच्यापुढे धरली.

"मी तेव्हा जन्मलेही नव्हते, बाबा."

"ही तरी कुठं जन्मली होती?" मबखूत हरणीकडे मान करून म्हणाला. "घे."