अण्णांच्या मनाची जुनी प्रत

"माणूस जातो, पण त्याचं मन न्यायानंच बोलतं," असं वकीलसाहेब हात जोडून म्हणाले आणि घर कुणाचं ते ठरवायला त्यांनी यंत्रात साठवलेली, वारलेल्या अण्णांच्या मनाची प्रत सुरू केली. पडद्यावरच्या अण्णांनी लेकीला, कालिंदीला पाहिलं आणि विचारलं, "हिला घरात कुणी घेतलं?"

कालिंदीनं भावाकडे पाहिलं. हेरंब चहात बिस्कीट बुडवण्यात गुंग होता.

"अण्णा, इतकी वर्षं मीच तुमच्याजवळ होते. तुमचं डायलिसिस, तुमची आंघोळ..."

"मला काय धाड भरलीय? सकाळीच टेकडी चढून आलो."

प्रत आजारपणाच्या आधीची होती. तेव्हा कालिंदीनं परजातीत लग्न केलं म्हणून अण्णांनी तिच्याशी नातं तोडलं होतं. पुढं तेच अण्णा तिच्या हातची पेज खाताना रडले आणि "घर तुझंच गं" म्हणाले. पण कायदा प्रतीचं ऐकतो. प्रत नवी करायची तारीख नेमकी डायलिसिसच्या दिवशी यायची, आणि कालिंदी दर वेळी त्यांना दवाखान्यात न्यायची.

"घर हेरंबला," अण्णा म्हणाले. "तो कधी माझ्या शब्दाबाहेर गेला नाही."

"बरोबर आहे. शब्द ऐकायला तो आलाच कुठं होता!" कालिंदी म्हणाली.

"ताई, त्यांचीच इच्छा आहे गं. मी काय करणार?" हेरंबनं तोंड पुसलं.

अण्णांच्या खोलीतली कमोडची खुर्ची कुणालाच नको होती. ती कालिंदीनं रिक्षात घालून नेली.