दीपदेवीचं नाव

'धूम्रद्वीप' या पुस्तकमालिकेच्या चाहत्यांची प्रश्नमंजूषा ऐन रंगात आली होती.

"अंधारदरीत पहिला दिवा कोणी लावला?"

"निलोशा देवीनं," रेणू म्हणाली.

"चूक. अर्वीरा देवीनं." सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

रेणूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तकं काढणाऱ्या कंपनीनं सकाळीच कथा बदलली होती, आणि इथे बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यातल्या चिपनं जुनं नाव पुसून नवं भरलं होतं. चिप नव्हती ती फक्त रेणूच्या आणि तिच्या लहान मुलीच्या डोक्यात.

"ही पुस्तकं उराशी घेऊन झोपायचात ना तुम्ही? मग एका सकाळीत विसरलात?" ती उभी राहून ओरडली.

शेजारी बसलेल्या नवऱ्यानं, मकरंदनं, तिचा हात ओढला. "बस खाली. अशी कुठली देवी नव्हतीच. चिप बसवून घे म्हणून कधीचा सांगतोय."

"नव्हती? तूच हट्टानं तिचं नाव पोरीला ठेवलंस."

"दीपदेवीचंच ठेवलंय की." तो हसला आणि दाराशी खेळणाऱ्या मुलीला त्यानं हाक मारली, "अर्वीरा, ये बाळा."

निलोशानं मान वर केली, आणि बाबा कोणाला बोलावतोय ते बघायला ती मागे वळली.